पीठ कोणी मळले?

मागच्या रोश हशानाच्या आठ दिवस आधी आमच्या घरी एक मोठे खोके आले. मुलाने आणि सूनबाईने ते आईसाठी भेट म्हणून आणले होते. आत पाव करण्याचे विजेचे यंत्र होते. पाणी, तेल, मीठ, साखर, मैदा आणि यीस्ट मोजून त्याच्या डब्यात घालावे, बटण दाबावे आणि आपल्या कामाला लागावे. डब्याच्या तळाशी असलेले लहानसे पाते पीठ मळते, मग यंत्र ऊब देऊन ते फुगू देते आणि शेवटी त्याच डब्यात भाजते. तीन-साडेतीन तासांनी पाव तयार! सूनबाई म्हणाली, "आई, आता तुमच्या हातांना विश्रांती."

माझ्या पत्नीच्या बोटांची पेरे गेल्या काही वर्षांपासून सुजलेली असतात. डॉक्टरांनी संधिवात सांगितला आहे. हे सारे मला ठाऊक होते. तरीही यंत्र पाहताच माझ्या तोंडून जे निघाले ते असे: "एरवी ठीक आहे, पण शब्बाथच्या मेजावर यंत्राची खल्ला नको. आपली परंपरा हाताने मळण्याची आहे. पवित्र काम यंत्राकडे सोपवून कसे चालेल?"

पत्नी काही बोलली नाही. खोके दोन आठवडे कोपऱ्यात पडून राहिले. पुढे एका शुक्रवारी सकाळी तिने परात माझ्यासमोर आणून ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, रागावू नका, एकच विचारते. पन्नास वर्षे या घरात हे पीठ कोणी मळले? परंपरा तुमची आहे ना, मग आज तुम्ही मळा."

वाचकहो, वयाच्या पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने खरे ते सांगावे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच दोन किलो मैदा मळायला घेतला. पाच मिनिटांतच पीठ कोपरापर्यंत चिकटले. चिकटते म्हणून मी आणखी मैदा घातला, तर त्याचा दगड झाला. पुन्हा पाणी घातले, तर बाहेरून राड आणि आत दगड! दहा मिनिटांत मनगटे भरून आली. पत्नी स्टुलावर बसून सूचना देत होती: तळव्याच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, फिरवा, पुन्हा ढकला. वीस मिनिटांनी मी घामाघूम होऊन खाली बसलो. त्या संध्याकाळी जी खल्ला मेजावर आली ती इतकी घट्ट होती की नातवाने विचारले, "सबा, ही कापायची कशाने?"

हे हसण्यावारी नेता आले असते. परंतु रात्री मनगट दुखत असताना मी हिशेब मांडला. वर्षाचे पन्नास शुक्रवार धरले तरी पन्नास वर्षांत अडीच हजार वेळा तिने ही परात समोर घेतली होती. बाळंतपणांनंतर, रात्रपाळी करून आल्यावर, तापात आणि युद्धाच्या दिवसांतही. आणि तेवढ्याच वेळा मी सिनेगॉगमधून येऊन, हात धुऊन, हामोची म्हणून पहिला तुकडा मोडला होता. ज्या कष्टाचे पावित्र्य मी सांगत होतो तो कष्ट माझा नव्हताच. दुसऱ्याच्या मनगटांवर उभे राहून मी परंपरेचे रक्षण करीत होतो.

शिवाय ही परंपरा तरी कुठली? कोकणातील आमच्या आजीच्या घरी, अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात, वेणीची खल्ला कोणी पाहिलीही नव्हती. तिथे तांदळाची भाकरी आणि भात. गहू म्हणजे सणावाराची गोष्ट. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे खल्ला काढून ठेवण्याची आज्ञा गहू, सातू, राय वगैरे पाच धान्यांच्या पिठालाच लागू होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी त्यात येत नाहीत. म्हणजे आजीच्या भाकरीला ही आज्ञा लागतच नव्हती. माझ्या पत्नीने पीठ मळणे शिकले ते दिमोनात, १९७२ साली, जिन्यासमोरच्या मोरोक्कन शेजारणीकडून, आणि वेणी घालायला शिकवले कारखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका पोलिश बाईने. त्या वेळी आमच्यापैकी कितीतरी जण या पावाला 'हल्ला' म्हणत आणि आपल्याच बोलण्याला हसत. मराठीत हल्ला म्हणजे चाल करून जाणे! जिला मी 'पूर्वजांची चाल' म्हणून यंत्रापासून वाचवू पाहत होतो, ती आमच्या घरात माझ्या थोरल्या मुलापेक्षा एक वर्षाने धाकटी होती.

मग प्रश्न तिथेच संपला का? यंत्र लावावे आणि मोकळे व्हावे, एवढेच का? मला तसेही वाटत नाही. काही गोष्टी शांतपणे पाहायला हव्यात.

आजीच्या घरी जाते होते. माझी आई सांगे की पहाटे तीन-चारला उठून दोघी जावा समोरासमोर बसून दळत आणि दळताना ओव्या म्हणत. पुढे जवळच्या गावात पिठाची गिरणी आली. जाते ओसरीच्या कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओव्याही गेल्या. आज त्या ओव्यांसाठी हळहळणारे आपण पुष्कळ आहोत. परंतु आजीला कोणी विचारले, "जाते आठवते का?" तर ती म्हणे, "आठवतं ना बाबा, खांदा दुखला की आठवतं." डोक्यावर पायली घेऊन गिरणीवर जायचे आणि तिथे चार बायकांशी बोलत बसायचे, हे तिला आवडे. पहाटेची दोन तासांची झोप मिळे, तेही आवडे. गिरणीच्या पिठाची भाकरी करताना आपण काही धर्मबाह्य करीत आहोत असे तिच्या स्वप्नातही आले नसेल. आज हाताने पाव करणारा मनुष्यसुद्धा पीठ विकतच आणतो. मळण्यापाशी आलो की मात्र आपल्याला एकदम यंत्राची भीती वाटू लागते.

ही भीती नवी नाही. मात्सा करण्याचे यंत्र १८३८ च्या सुमारास फ्रान्समधील अल्सास प्रांतात एका यहुदी गृहस्थाने तयार केले. वीस वर्षांनी, १८५९ साली, त्यावरून पूर्व युरोपात मोठा वाद पेटला. ब्रोडी गावचे रब्बी श्लोमो क्लुगर यांनी यंत्राच्या मात्साला विरोध केला आणि लेम्बर्ग शहराचे रब्बी योसेफ शाऊल नाथनसोन यांनी तिला मान्यता दिली. दोघेही थोर पंडित. रब्बी क्लुगर यांचा एक मुद्दा असा की पेसाहच्या पहिल्या रात्री आज्ञा पाळण्यासाठी जी मात्सा खायची ती त्या हेतूने, मन लावून केलेली असावी लागते, आणि यंत्राला हेतू नसतो. त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक हलवून गेला. पेसाहपूर्वी मात्सा लाटून जे गोरगरीब चार पैसे मिळवतात आणि त्यावर आपला महागडा सण साजरा करतात, त्यांनी काय करायचे? एका धर्मगुरूने यंत्राचा विचार करताना गरिबाच्या सणाचा खर्च ध्यानात घेतला, ही गोष्ट लहान नव्हे.

उलट बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटांच्या आत मात्सा भट्टीत जायला हवी, नाहीतर पीठ आंबण्याचा दोष येतो. दमलेले हात रेंगाळतात, यंत्र रेंगाळत नाही. आणि हेतूचे म्हणाल तर यंत्र चालू करणारा माणूस असतोच की! आज दुकानात चौकोनी यंत्राची मात्सा आणि गोल हाताची मात्सा शेजारी शेजारी मिळतात आणि दोन्ही खाणारे देवभीरू लोक आहेत. वाद संपला नाही, पण त्याने एक चांगले केले. यंत्र आले की कोणते प्रश्न विचारायचे ते दाखवून दिले: हे काम करताना माणसाचे मन कुठे आहे? आणि या यंत्रामुळे कोणाचे काय जाते, कोणाला काय मिळते?

हेच दोन प्रश्न मी आमच्या स्वयंपाकघरातील यंत्राला लावून पाहिले.

आधी मनाचा. हाताने मळताना मन त्या कामात असतेच, असे आपण धरून चालतो. पत्नीला विचारले तेव्हा ती हसली. "शुक्रवारी मळताना माझ्या मनात काय असायचे सांगू? मुलांचे कपडे वाळले का, मासे साफ व्हायचे आहेत, तुम्ही वेळेवर याल का." परंतु पुढे ती म्हणाली, "मात्र पीठ हाताला कळायचे. खम्सिनचा कोरडा वारा सुटला की मैदा जास्त पाणी मागतो. ते डोक्याला कळायच्या आधी हाताला कळते." खरोखर यंत्राला बाहेरची हवा कळत नाही. आमच्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतही म्हटले आहे की मळणे सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा पाहावा, कोरडा वाटला तर चमचाभर पाणी घालावे. म्हणजे यंत्रालाही कोणाचे तरी बोट लागतेच.

या यंत्राचा इतिहासही तेच सांगतो. जपानमधील मात्सुशिता कंपनीने १९८० च्या दशकात घरगुती पावयंत्र तयार करायला घेतले तेव्हा पीठ काही केल्या नीट मळले जाईना. पावाची वरची कड जळे आणि आत कच्चे राही. तेव्हा कंपनीतील इकुको तानाका नावाच्या बाई ओसाका शहरातील एका मोठ्या हॉटेलच्या प्रमुख पाववाल्याकडे शागीर्द म्हणून काम शिकायला गेल्या. तो पीठ नुसते ताणत नाही, ताणताना त्याला पीळही देतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग यंत्राच्या डब्यात आतून उंचवटे बसवले, आणि पिठाला तसा पीळ मिळू लागला. माणसाचा हात पुसून टाकून हे यंत्र झालेले नाही. एका माणसाच्या हाताची विद्या दुसऱ्या बाईने पाहून, घाम गाळून शिकली, ती त्यात उतरली आहे. तेव्हा यंत्र आणि हात यांना देव आणि सैतान ठरवून मोकळे होता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते. आमच्या घरात मिळते ते स्पष्ट आहे: सुजलेल्या बोटांना आराम. तेवढे एकच कारण यंत्र लावायला पुरेसे आहे, आणि ते मला दोन आठवडे दिसले नाही याची लाज वाटते. जाते काय, हे मात्र मला अचानक कळले, आणि तेही मोजमापातून.

पत्नीने पहिल्यांदा यंत्र लावले त्या दिवशी सवयीप्रमाणे तिने खल्ला काढून ठेवण्यासाठी हात पुढे केला आणि थांबली. यंत्रात अर्धा किलो मैदा मावतो. खल्ला काढायची ती सुमारे सव्वा किलो मैद्यापासून पुढे, आणि बेराखा म्हणून काढायची तर त्याहून जास्त, सुमारे एक किलो सहाशे साठ ग्रॅमच्या वर. काही रब्बी सव्वादोन किलो धरतात. ज्याने त्याने आपल्या रब्बीला विचारावे. पण अर्धा किलोला कोणाच्याही मते आज्ञा लागत नाही. ती म्हणाली, "अहो, यातून देवाचे काही निघतच नाही."

त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. हे माप शास्त्रकारांनी एका ओमेरावरून घेतले. रानात मन्ना पडत असे तेव्हा माणशी एक ओमेर, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटाला पुरेल इतका मिळे. तेवढे पीठ ज्याच्याजवळ आहे त्याने आधी थोडे बाजूला काढावे. मंदिर होते तेव्हा तो भाग कोहेनाला जाई. आता मंदिर नाही म्हणून तो जाळतात. कोणी खात नाही, तरी काढायचा. का? मला वाटते, भरलेल्या परातीतील सगळेच आपले नसते, हे हाताला कळावे म्हणून.

यंत्राचा डबा या मापाच्या खाली राहतो, आणि त्यात यंत्राचा दोष नाही. आमच्या घरात एके काळी सहा मुले, माझी आई, एखादा नवा आलेला नातेवाईक, शिवाय शेजारच्यांची पोरे जेवत. तेव्हा दोन किलो मैदा पुरत नसे. आज आम्ही दोघे. अर्धा किलोचा पाव रविवारपर्यंत उरतो. यंत्र बनवणाऱ्यांनी आमच्यासारखी घरे पाहूनच डबा बेतला असणार. घर लहान झाले, पाव लहान झाला, आणि देण्याजोगे काही उरले नाही, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते. जो पाव बरोबर आपल्यापुरता आहे त्यात दुसऱ्याचा वाटा शिरायला फटच नसते. असा पाव हाताने मळलेला असला तरी माझे मत हेच राहील.

कोणी म्हणेल, हे म्हाताऱ्याचे तर्कट आहे. आमची सून सकाळी सातला घर सोडते. तिच्याकडे यंत्र आहे म्हणून तिची मुले आठवड्यातून दोनदा घरचा पाव खातात, नाहीतर पिशवीतला विकतचा खाल्ला असता. तिला मी मोजमापे शिकवू जाणार नाही. आणि विकतच्या पावाचे तरी काय? शुक्रवारी पहाटे मकोलेतमध्ये खल्लांच्या पेट्या येतात, त्या करायला बेकरीतील माणसे रात्रभर जागलेली असतात. आपल्या ज्ञानी लोकांपैकी बेन झोमा असे म्हणत की पहिल्या माणसाला एक घास खाण्यापूर्वी नांगरण्यापासून भाजण्यापर्यंत किती कामे एकट्याने करावी लागली, आणि मी सकाळी उठतो तो सारे माझ्यापुढे तयार असते! आपण एकटे करीत नाही याचा त्यांनी कमीपणा मानला नाही, कृतज्ञता मानली. विकतचा पाव खावा, यंत्राचा खावा, पण तो कोणीतरी केला आहे हे विसरून खाऊ नये. मी तर ज्या बाईने केला तिच्याच शेजारी बसून पन्नास वर्षे विसरलो होतो.

आता आमच्या घरी काय चालते ते सांगून संपवतो. गुरुवारी रात्री मी यंत्रात अर्धा किलो मैद्याचे पीठ फक्त मळून आणि फुगवून घेतो, भाजत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवतो. शुक्रवारी सकाळी आणखी दोनदा लावतो. चौथा अर्धा किलो मी हाताने मळतो. पत्नी स्टुलावर बसून चुका काढते. आता फार काढाव्या लागत नाहीत. मग चारही गोळे एका मोठ्या परातीत एकमेकांना चिकटवून ठेवतो आणि वरून कापड घालतो. मिश्नामध्ये रब्बी एलिएझर यांचे मत आहे की वेगवेगळे पाव भट्टीतून काढून एका टोपलीत ठेवले तर टोपली त्यांना एक करते. त्याच आधारावर आमचे रब्बी म्हणाले की परात चालेल. दोन किलो झाले, म्हणजे बेराखाही म्हणता येते. ती पत्नी म्हणते, आणि दुखऱ्या बोटांनी लिंबाएवढा गोळा बाजूला काढते. तेवढे काम तिने कोणाला दिलेले नाही, आणि आम्हीही मागत नाही.

वेण्या नात घालते. यंत्राला वेणी घालता येत नाही आणि मला अजून जमलेली नाही. सहा खल्ला होतात. दोन आमच्या मेजावर, कारण शब्बाथला मन्ना दुप्पट मिळाल्याची आठवण म्हणून दोन लागतात. दोन मुलाकडे जातात. एक त्या जिन्यासमोरच्या मोरोक्कन शेजारणीला, जिने माझ्या पत्नीला मळायला शिकवले. ती आता नव्वदीला टेकली आहे, तिला दिसत कमी, पण हातात घेतल्यावर दाबून पाहते आणि सांगते, "ही यंत्राची, आणि ही तुझ्या नवऱ्याची." कशावरून ओळखते, ते सांगत नाही. सहावी कोणासाठी, ते दर शुक्रवारी दुपारी ठरते. आजपर्यंत ती घरात कधी उरलेली नाही.

आपल्या समाजातील माझ्या वयाच्या पुरुषांना एवढीच विनंती आहे. घरात यंत्र आणावे की नाही यावर मत देण्यापूर्वी एक शुक्रवार परात आपल्यापुढे घ्यावी. मग जे मत होईल ते खुशाल सांगावे. शब्बाथ शालोम.